भरती-ओहोटीची अंकांत नोंद

मालवणच्या धक्क्यावर सकाळच्या प्रहरीं उभें राहिलें म्हणजे समुद्राच्या पाण्याची चढउतार डोळ्यांना दिसते. पण ती नुसत्या डोळ्यांनीं मोजतां येत नाहीं. दगडावरच्या शेवाळाची रेघ पाहून पाणी किती चढलें हें तांडेल अंदाजानें सांगतो. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हिशेबही कोंकणांत जुना आहे : अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. होडी पाण्यांत ढकलावयाची, रापण ओढावयाची किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याकडे उतारू न्यावयाचे, एवढ्यापुरता हा हिशेब पुरेसा होतो. परंतु उधाणाला दोन-अडीच मीटर चढणाऱ्या त्या पाण्यांत एखाद्या दिवशीं वाऱ्यानें वीतभर पाणी अधिक लोटलें, किंवा दूरच्या भूकंपानें उठलेली लाट येऊन मिसळली, तर तें तिथीवरून कळत नाहीं. त्यासाठीं पाण्याची पातळी रात्रंदिवस टिपून ठेवावी लागते. हें काम पूर्वीं कागद आणि पेन्सिल करीत असे. आतां तें नखाएवढी एक चिप आणि तळहाताएवढें एक बोर्ड करतें. तें बोर्ड कसें मांडावें, आणि मांडतांना कोणत्या चुका हटकून होतात, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

जुन्या भरतीमापक यंत्राची रचना साधी होती. धक्क्यालगत एक उभी विहीर, तिच्या तळाशीं समुद्राचें पाणी आंत येण्यासाठीं लहानसें छिद्र, आंत तरंगणारा डबा, डब्याला बांधलेली तार, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाशीं, घड्याळाच्या गतीनें फिरणाऱ्या ढोलावर टेकलेली पेन्सिल. पाणी चढलें कीं पेन्सिल सरके, आणि दिवसभरांत ढोलावरील कागदावर दोन टेकड्या व दोन दऱ्या उमटत. मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून अशी नोंद होऊं लागली. आशिया खंडांतील सर्वांत दीर्घ नोंदींमध्यें तिची गणना होते. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालीं मोठा भूकंप झाला. त्यानें उठलेल्या लाटांनीं मकरानच्या किनाऱ्यावर अनर्थ केला, आणि मुंबईंतही माणसें दगावलीं. त्या दिवशीं मुंबईच्या पेन्सिलीनें कागदावर जी थरथर उमटविली, ती पुढें कामास आली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं त्या लाटांचा अभ्यास २०११ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां मुंबई व कराची येथील जुन्या नोंदी त्याला आधार झाल्या. सहासष्ट वर्षांपूर्वींचा कागद बोलूं लागला, याचें कारण असें कीं पेन्सिलीला महत्त्वाचें काय आणि क्षुल्लक काय यांतला भेद ठाऊक नव्हता. हाताशीं आलें तें सर्व ती ओढीत गेली.

अंकांत नोंद करणारें बोर्ड तसें करीत नाहीं. किती बारीक मोजावें, किती वेळानें मोजावें आणि मोजलेलें केव्हां उचलावें, हें त्याला आधीं सांगून ठेवावें लागतें. जें सांगावयाचें राहिलें तें नोंदींतून कायमचें जातें. आणि त्याहून वाईट गोष्ट ही कीं, कधीं कधीं तें जात नाहीं, तर दुसऱ्याच कशाचा वेष घेऊन नोंदींत शिरतें.

समजा, मालवणच्या धक्क्याच्या खांबाला पाण्याखालीं एक दाबाचा सेन्सर बांधला आहे. त्याच्यावर पाण्याचा जितका उंच स्तंभ, तितका दाब. आणि जितका दाब, तितका विद्युद्दाब तो तारेनें वर पाठवितो. स्तंभ शून्य असतां शून्य व्होल्ट आणि दहा मीटर असतां पांच व्होल्ट, असा सरळ हिशेब धरावा. हा विद्युद्दाब पेन्सिलीच्या रेषेसारखाच अखंड असतो. ए. डी. सी. या नांवानें मिळणारी चिप त्याचे अंक बनविते. उतरणीवर माणूस कोठेंही उभा राहूं शकतो, पण जिन्यावर त्याला कोणत्या तरी पायरीवरच पाय ठेवावा लागतो. ही चिप म्हणजे उतरणीचा जिना करणारें यंत्र होय. पायऱ्या किती, हें चिपेच्या बिटांवर अवलंबून असतें. दहा बिटांच्या चिपेला १०२४ पायऱ्या असतात. दहा मीटरांत तितक्या पायऱ्या बसविल्या तर प्रत्येक पायरी सुमारें एक सेंटिमीटरची होते. बारा बिटांत पायऱ्या ४०९६, आणि पायरी अडीच मिलिमीटरांच्या आंत. सोळा बिटांत ६५,५३६.

येथें हौशी माणसाला मोह पडतो. चोवीस बिटांची चिपही बाजारांत मिळते, आणि तिच्या पायऱ्या एक कोटी सदुसष्ट लाखांवर जातात. म्हणजे मालवणच्या समुद्राची उंची केंसाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजण्याची तयारी झाली! प्रत्यक्षांत खालच्या कित्येक पायऱ्यांवर समुद्र नसतोच. तारेंतील खरखर आणि सेन्सरचें स्वतःचें थरथरणें तेवढें असतें. भरतीच्या कामाला बारा बिट पुरतात, सोळा असल्यास उत्तम. वांचलेले पैसे चांगल्या तारेवर आणि पाणी न शिरणाऱ्या डब्यावर खर्च करावे. खाऱ्या हवेंत पहिल्या पावसाळ्यांत दगा देतात तीं यंत्रें बहुधा तांब्याच्या जोडांवर हिरवा गंज चढूनच देतात.

बिटांहून अधिक महत्त्व आहे तें तुलनेच्या मापाला. चिप विद्युद्दाब मोजते म्हणजे काय करते? आलेला दाब पूर्ण मापाच्या कितवा हिस्सा आहे, एवढेंच ती सांगते. हें पूर्ण माप पांच व्होल्ट धरलें, आणि बॅटरी उतरल्यामुळें तें नकळत ४.८ व्होल्ट झालें, तर काय होईल? पाणी पांच मीटर असतां सेन्सर अडीच व्होल्ट पाठवील. चिप त्याची ४.८ शीं तुलना करून पांच मीटर एकवीस सेंटिमीटर असें उत्तर देईल. समुद्र जागच्या जागीं, आणि नोंदींत मात्र वीतभर उधाण! शिवाय बॅटरी रात्रीं उतरते आणि सूर्यप्रकाशावर दिवसा भरते, म्हणून हें खोटें उधाण रोज ठराविक वेळीं येईल व पाहणाऱ्याला तें निसर्गाचेंच वाटेल. याला दोन उपाय आहेत. तुलनेचें माप स्वतंत्र, स्थिर विद्युद्दाब देणाऱ्या भागाकडून घ्यावें; किंवा सेन्सर त्याच जातीचा असेल तर दोघांनाही एकाच ठिकाणाहून विद्युत् पुरवावी, म्हणजे माप घटलें तर सेन्सरचें उत्तरही त्याच प्रमाणांत घटतें आणि गुणोत्तर कायम राहतें.

यानंतरचा प्रश्न, किती वेळानें मोजावें. तो सोपा वाटतो, पण सर्वांत मोठी फसगत येथेंच होते. भरतीला चढावयास सहा तासांहून थोडा अधिक काळ लागतो. तेव्हां मिनिटाला एक मोजणी म्हणजे चंगळच, असें कोणालाही वाटेल. परंतु धक्क्यावर भरतीबरोबर लाटाही असतात. लांबवरून येणारी लाट दहा-बारा सेकंदांनीं एकदां उचलते. समजा, त्या दिवशीं लाटांचें अंतर ११.८ सेकंदांचें आहे, आणि बोर्ड मिनिटांतून एकदांच क्षणभर डोळा उघडून पातळी टिपतें. एका मिनिटांत अशा पांच लाटा पुऱ्या होऊन सहावीचा थोडासा भाग झालेला असतो. पुढच्या मिनिटाला तो भाग आणखी थोडा पुढें सरकलेला असतो, त्यापुढच्या मिनिटाला आणखी. बोर्डाला मधल्या पांच लाटांचा पत्ताच नसतो. त्याला दिसते ती फक्त ही सावकाश सरक. कागदावर हिशेब मांडला तर ही सरक पुरी होण्यास बरोबर ११.८ मिनिटें लागतात असें आढळतें. म्हणजे नोंदींत जवळजवळ बारा मिनिटांनीं वरखालीं होणारी एक लाट दिसूं लागते, जी समुद्रांत कोठेंच नाहीं. आणि त्सुनामीच्या लाटा कशा असतात? दहा-बारा मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या अंतरानें येणाऱ्या. साध्या लाटांच्या एका दुपारीं मालवणच्या बोर्डानें त्सुनामीची हाकाटी करावी, यास एवढेंच कारण पुरतें.

चित्रपटांत धांवत्या टांग्याचें चाक उलट फिरतांना ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हा प्रकार नवा नाहीं. कॅमेऱ्यानेंही क्षणाक्षणाला डोळा उघडलेला असतो, आणि दोन उघडझांपींच्या मध्यें चाकाचे आरे जवळजवळ एक घर पुढें गेलेले असतात. जी हालचाल टिपावयाची तिच्या दुपटीहून अधिक वेगानें मोजणी केली पाहिजे, हा नियम तारायंत्राच्या अभ्यासांतून १९२८ मध्यें हॅरी नायक्विस्ट यांच्या लेखनांत पुढें आला, आणि १९४९ मध्यें क्लॉड शॅनन यांनीं त्याला सुस्पष्ट रूप दिलें. नियमाची दुसरी बाजू बहुतेक लोक विसरतात : त्या वेगाहून चपळ असें जें कांहीं असेल तें मोजणीच्या आधींच गाळून टाकलें पाहिजे. नंतर गाळतां येत नाहीं, कारण तोंवर त्यानें वेष पालटलेला असतो.

जुन्या विहिरीच्या तळाचें तें लहान छिद्र आतां पुन्हां पाहावें. दहा सेकंदांच्या लाटेला त्यांतून पुरेसें पाणी आंत शिरण्यास अवसरच मिळत नसे. सहा तासांच्या भरतीला मात्र तो मिळे. गाळणी आधीं आणि पेन्सिल नंतर, हा क्रम त्या कारागिरांनीं कोणत्याही सूत्रावांचून साधला होता. आजच्या मांडणींत तेंच काम दोन पायऱ्यांनीं करावें. सेन्सर व चिप यांच्यामध्यें एक रोधक आणि एक कपॅसिटर घालावा, म्हणजे सेकंदाच्या आंतील फडफड आणि विजेच्या तारांतून येणारी पन्नास हर्ट्झची गुणगुण तेथेंच दबते. मग चिपेकडून सेकंदाला दोन मोजण्या घ्याव्या आणि मिनिटाच्या एकशेंवीस मोजण्यांची सरासरी काढावी. सरासरींत लाटांचे चढ व उतार एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरते ती पाण्याची खरी पातळी.

मोजणी झाली तरी ती चिपेंतून उचलून साठविण्याचें काम राहतेंच, आणि तें बोर्डाचें. चिपेला आंकडा तयार करण्यास थोडा वेळ लागतो. तो तयार झाला म्हणजे ती एका वेगळ्या तारेवर खूण करते, आणि ती खूण दिसल्यावरच बोर्डानें आंकडा उचलावा. ही तार जोडावयाची राहिली, किंवा खुणेचा अर्थ उलटा घेतला, तर बोर्ड अर्धवट बदललेला आंकडा उचलतें. याचा परिणाम किती विचित्र होतो तें पाहण्यासारखें आहे. बारा बिटांत २०४७ हा आंकडा ०११११११११११ असा शेवटीं आणखी एक १ लावून लिहिला जातो, आणि २०४८ हा एक १ व त्यापुढें अकरा शून्यें असा. पातळीच्या दृष्टीनें दोहोंत अडीच मिलिमीटरांचाही फरक नाहीं. पण बाराच्या बारा तारा एकदम उलटतात. त्या क्षणीं कांहीं तारा उलटल्या आणि कांहीं उलटावयाच्या आहेत अशा स्थितींत आंकडा उचलला, तर शून्यापासून ४०९५ पर्यंत वाटेल तें निघूं शकतें. म्हणजे पाणी शांतपणें पांच मीटरांची रेघ ओलांडीत असतां नोंदींत समुद्र एकदां तळाला जातो आणि एकदां दहा मीटरांवर उडतो. या उड्या पाण्याच्या एकाच ठराविक उंचीला पडत असतील, तर दोष सेन्सरचा नसून उचलण्याच्या वेळेचा आहे असें खुशाल समजावें. ही अडचण टाळण्यासाठीं फ्रँक ग्रे यांनीं एका वेळीं एकच बिट बदलेल अशी अंकलेखनाची रीति योजिली. तिला आजही त्यांचेंच नांव आहे.

आजकालच्या पुष्कळशा चिपा आंकडा बारा तारांवर न देतां एकाच तारेवर एकामागून एक बिट पाठवितात. तेथें मोठा बिट आधीं कीं लहान, हें चिपेच्या माहितीपत्रकांत पाहून बोर्डाला सांगावें लागतें. आणखी एक खबरदारी : चिप पांच व्होल्टची आणि बोर्ड ३.३ व्होल्टचें असेल तर मध्यें विद्युद्दाब उतरविणारा भाग घालावा. नाहीं तर बोर्ड पहिल्याच दिवशीं निकामी होण्याचा संभव असतो. दोहोंचा ग्राउंड एक असावा, हें सांगण्याची गरज पडूं नये, पण पडते.

साठवणुकीची चिंता करण्याचें मात्र कारण नाहीं. सेकंदाला दोन मोजण्या आणि प्रत्येक मोजणीला दोन बाइट धरले तरी दिवसाला ३,४५,६०० बाइट होतात, आणि वर्षाला सुमारें बारा कोटी साठ लक्ष. सर्वांत स्वस्त मेमरी-कार्डावरही कित्येक वर्षांची नोंद मावेल. म्हणून सरासरी काढली तरी मूळ मोजण्या फेंकूं नयेत. १९४५ च्या पेन्सिलीनें पुढच्या पिढीसाठीं जें ठेविलें तें ठेवण्याचा हा एकच मार्ग बोर्डाला मोकळा आहे.

घड्याळाकडे दुर्लक्ष फार होतें. साध्या स्फटिकाचें घड्याळ दहा लाखांत वीस भाग चुकलें, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांनीं आणि महिन्याला जवळजवळ एका मिनिटानें सरकतें. तितक्यानें काय बिघडतें? उधाणाच्या दिवशीं, भरती अर्धी झालेली असतां, मालवणास पाणी मिनिटाला सुमारें एक सेंटिमीटर चढतें. तेव्हां वेळेंतील एका मिनिटाची चूक म्हणजे पातळींतील एका सेंटिमीटरची चूक, आणि सहा महिन्यांत ती सहा पटींवर जाते. तापमानाप्रमाणें स्वतःला सुधारून घेणारें घड्याळ थोडें महाग पडतें, पण घ्यावें. आणि वेळ भारतीय कीं ग्रीनिचची, हें एकदांच ठरवून प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर लिहून ठेवावें. साडेपांच तासांचा घोटाळा झाला तर भरतीच्या जागीं सुकती येऊन बसते.

एवढ्या बारकाव्यांचा उपयोग काय, असें विचारणाऱ्याला फार दूर जावें लागत नाहीं. मालवणच्या दक्षिणेस, पणजीसमोर मांडवीच्या कांठीं वेरें येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें अशीच नोंद करणारें यंत्र बसविलें. १२ सप्टेंबर २००७ रोजीं सुमात्राजवळ भूकंप झाला, आणि त्यानें उठलेली त्सुनामी वेरें व कवरत्ती येथील यंत्रांनीं टिपून मोबाइलच्या जाळ्यावरून त्याच वेळीं संस्थेकडे पोंचविली. किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला कांहीं घडल्याचें जाणवलेंही नसेल अशी ती चढउतार होती. भरतीचा मोठा डोंगर वजा केल्यावरच ती दिसली, आणि वजाबाकी करण्याजोगी नोंद स्वच्छ होती म्हणून ती विश्वासाची ठरली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हैदराबाद येथें देशाचें त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालें. पुढें नोव्हेंबर २००९ मध्यें फयान वादळ कोंकणच्या बाजूनें वर सरकून ११ तारखेस अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलें. कोंकणांतील कित्येक मच्छिमार त्या वेळीं समुद्रांतून परत आले नाहींत. त्या वादळांत किनाऱ्याचें पाणी कोठें किती व केव्हां चढलें याचा अभ्यास पश्चिम किनाऱ्यावरील अशाच यंत्रांच्या नोंदींवरून करण्यांत आला.

यंत्र बसविल्यावर त्याची परीक्षा घेण्याआधीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. सेन्सर जर हवेचाही दाब मोजणारा असेल, तर हवेच्या दाबांतील एका मिलिबारचा फरक त्याला एका सेंटिमीटर पाण्यासारखा दिसतो. म्हणून धक्क्यावर हवेचा दाब वेगळा टिपून तो वजा करावा, किंवा तारेंतून बारीक नळीनें वरची हवा सेन्सरच्या पाठीशीं नेणारा प्रकार घ्यावा. दुसरी गोष्ट पाण्याच्या घनतेची. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून सुमारें अडीच टक्के जड असतें. विहिरीच्या पाण्यांत तपासलेला सेन्सर धक्क्यावर नेला तर चार मीटर पाण्याला तो दहा सेंटिमीटर अधिक सांगेल. आणि तोच देवबागेजवळ कर्ली नदीच्या मुखाशीं ठेविला, तर पावसाळ्यांत नदीच्या गोड्या पाण्यानें त्याचें उत्तर पुन्हां बदलेल.

परीक्षा मात्र समुद्राकडूनच घ्यावी. धक्क्याच्या खांबावर सेंटिमीटरांच्या खुणांची एक पट्टी रंगवावी, आणि अमावास्येच्या उधाणापासून अष्टमीच्या भांगावरून पुढच्या उधाणापर्यंत, एक पंधरवडाभर, कोणी तरी दिवसांतून चार-सहा वेळां ती डोळ्यांनीं वाचून घड्याळाच्या वेळेसह वहींत लिहावी. मग वहीचा आंकडा आणि बोर्डाचा आंकडा शेजारीं ठेवून वजाबाकी करावी. फरक सर्व वेळीं सारखाच येत असेल, तर शून्याची जागा चुकली आहे; ती एकदां सुधारली कीं झालें. पाणी जितकें खोल तितका फरक मोठा होत असेल, तर तुलनेचें माप किंवा पाण्याची घनता चुकीची धरली आहे. आणि भरती चढतांना फरक एका बाजूला, ओहोटी लागल्यावर तितकाच दुसऱ्या बाजूला, व पाणी स्थिरावतांना नाहींसा होत असेल, तर सेन्सर, चिप, तारा यांना हात लावूं नये. घड्याळ पुढें किंवा मागें आहे, तें लावावें.